उजनीच्या आधीची भीमा

सोलापूरच्या घरांत भीमा नदी टक्क्यांत ओळखली जाते. ‘उजनी किती झाली?’ हा प्रश्न श्रावण-भाद्रपदात मंदिराच्या पायरीवरही ऐकू येतो आणि दुकानाच्या गादीवरही, आणि त्याचे उत्तर नेहमी आकड्यात मिळते. उन्हाळा चढू लागला की हाच आकडा शून्याच्या खाली उतरतो. धरणाच्या तळाशी राखून ठेवलेला मृतसाठा वापरात येऊ लागला, की सोलापूरकर त्याला ‘उजनी वजा’ म्हणतात. परगावच्या पाहुण्याला हा हिशेब चमत्कारिक वाटतो. पण दिवसांआड येणाऱ्या नळाची वेळ सांभाळणाऱ्या गृहिणीला त्यात काही नवल उरलेले नाही. ती शांतपणे हंडे घासून ठेवते.

शहराच्या वाट्याला येणारी भीमा अशी मोजलेली असते. धरणातून थेट जलवाहिनीने येणारे पाणी असो वा नदीपात्रात सोडल्यावर औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचललेले असो, त्याच्यामागे धरण, दरवाजा, पाळी आणि टक्केवारी उभी असते. श्रद्धेच्या वाटेने जिल्ह्यातील लोक नदीला आणखी दोन ठिकाणी भेटतात. एक पंढरपूर, जिथे ती चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. दुसरे कुडलचा भीमा-सीना संगम, जिथल्या मंदिरात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ मधला, मराठीतील अतिशय जुन्या लेखांपैकी एक असलेला शिलालेख आहे. परंतु सुमारे ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी ही नदी निघते कुठून, हे भूगोलाच्या पुस्तकाबाहेर पाहिलेली माणसे सोलापुरात फारशी नसतात. पाहिले असते ते भीमाशंकरचे देऊळ, तेही गाडीने वरपर्यंत जाऊन, पायऱ्या उतरून आणि पायऱ्या चढून.

उगमाकडे जाण्याची खरी वाट वेगळी आहे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत भोरगिरी नावाचे लहानसे गाव आहे. तिथून नदीच्या काठाकाठाने, जुन्या अरण्यातून, सात-आठ किलोमीटर चालत भीमाशंकरला पोहोचता येते. हा प्रवास एका दिवसात, लहान मुले आणि साठी ओलांडलेली मंडळी सोबत घेऊन, सहज होतो. सोलापूरहून जायचे तर आदल्या रात्री निघावे लागते, कारण अंतर सव्वातीनशे किलोमीटरांच्या घरात आहे. आणि हा रात्रीचा प्रवासच या पदयात्रेची अर्धी गोडी आहे, कारण तो सगळा नदीच्या उलट दिशेने होतो. टेंभुर्णीच्या पुढे भीमानगरचा पूल ओलांडताना डावीउजवीकडे अंधारात भीमाच असते. नंतर इंदापूर, पळसदेव, भिगवण अशी गावे मागे पडतात ती उजनीच्या विस्तीर्ण जलाशयाच्या कडेकडेने. पळसदेवचे जुने मंदिर या पाण्यात बुडालेले आहे आणि पाणी फार उतरले की ते पुन्हा दिसू लागते. सोलापूरला ज्या वर्षी चिंता, त्या वर्षी त्या मंदिराचे दर्शन. पुण्याजवळ नदीची साथ सुटते आणि पुन्हा जुळते ती पहाटे राजगुरुनगरला, हुतात्मा राजगुरूंच्या जन्मगावी. इथली भीमा रुंदीने कमी आहे. पुढे चासकमान धरण, मग वाडा हे गाव, आणि त्यानंतर रस्ता अरुंद होत भोरगिरीशी थांबतो. तोवर उजाडलेले असते.

हंगाम कोणता निवडावा, याबद्दल दोन मते आहेत. बहुतेक मंडळी पावसाळ्यात येतात. धबधबे असतात, धुके असते, छायाचित्रे चांगली येतात. मात्र शनिवार-रविवारी त्या वाटेवर एवढी गर्दी लोटते की नदीचा आवाज माणसांच्या आवाजाखाली दबून जातो. निसरड्या खडकांवर अपघात झाल्यामुळे अलीकडच्या काही वर्षांत वनखात्याने या परिसरातील काही वाटा पावसाळ्यात बंदही ठेवल्या आहेत. जैन कुटुंबांना याखेरीज एक जुने कारण ठाऊक आहे. आषाढात विहार थांबवून साधुसाध्वी चार महिने एका जागी का राहतात, हे भोरगिरीच्या वाटेवर पहिल्या पावसानंतर कोणालाही दिसू शकते: पावलागणिक गोगलगाय, खेकड्याचे पिल्लू, बेडकी, कुजणाऱ्या पानांतून वर आलेला कोंब. चार हात जमीन पाहून चालण्याचा ईर्यासमितीचा नियम तिथे पाळायचा म्हटले तर पाऊल पुढे टाकणेच अवघड. म्हणून चातुर्मासाची सांगता झाल्यावर, मार्गशीर्ष-पौषात येणारे गट अधिक शहाणे म्हणावे लागतील. तेव्हा नदीत पाणी असते, वाट कोरडी असते आणि हवेत बोचरा गारवा असतो.

भोरगिरीत नदीच्या काठी कोटेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि माथ्यावर लहानसा किल्ला, त्याच्या कड्यात कोरलेली लेणी. झंझ राजाने सह्याद्रीतल्या बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालये बांधली, त्यांतील हे एक, असे सांगितले जाते. गावातून एखादा वाटाड्या बरोबर घेणे उत्तम. वाट सोपी असली तरी गुरांच्या पायवाटा तिला अनेक ठिकाणी फुटतात. सुरुवातीला भाताची खाचरे लागतात. कापणी झालेली, धसकटे उरलेली. सोलापूरकडच्या मंडळींना ही शेती पाहून पहिला प्रश्न पडतो तो आकाराचा. एवढ्याशा तुकड्यात काय पिकते? बालाघाटाच्या उतारावर आणि भीमेच्या काळ्या रानात एकरांत मोजणाऱ्यांना डोंगराच्या पायरीवर बसवलेले हे खाचर अंगणाएवढे वाटते. इथे राहतात ते मुख्यतः महादेव कोळी समाजाचे लोक. पोट भरते ते भातावर, नाचणी-वरईवर, आणि हिरड्यावर.

या हिरड्यापाशी थोडे थांबायला हवे. मार्चपासून मेपर्यंत या डोंगरांत हिरड्याची कोवळी फळे उतरवतात आणि उन्हात वाळवतात. काळा, सुरकुतलेला ‘बाळहिरडा’ तो हाच. आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांच्या पश्चिम भागात कित्येक कुटुंबांच्या हाती वर्षातून एकदा रोख पैसा पडतो तो याच फळाचा. जैन घरांत त्रिफळ्यात तर हिरडा असतोच. शिवाय पाणी प्रासुक करताना लवंगेप्रमाणे हिरड्याची पूडही वापरण्याची जुनी रीत आहे. डबीतला हिरडा कुठल्या झाडावरून आला याची चौकशी सहसा कोणी करत नाही. इथे ते झाड वाटेतच उभे असते, आणि गटातल्या आजी हटकून त्याच्या खोडाला हात लावून पाहतात. झाड तोडले तर एकदाच पैसा, फळ उतरवले तर दरवर्षी, हा हिशेब इथल्या माणसांना कोणी शिकवावा लागला नाही.

खाचरे संपली की वाट झाडीत शिरते. उजेड एकदम कमी होतो, पावलांचा आवाज बदलतो. इथून पुढे भीमाशंकर अभयारण्य. पुणे, रायगड आणि ठाणे या जिल्ह्यांत पसरलेले हे सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. जुने अरण्य म्हटल्यावर नवखा माणूस प्रचंड बुंध्यांची, आभाळाला भिडलेली झाडे शोधू लागतो आणि प्रथम थोडा निराश होतो. कारण इथली कित्येक झाडे उंचीने बेताची, वाकलेली, शेवाळाने मढलेली असतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा वारा त्यांना वाढू देत नाही आणि पातळ मातीखालचा कातळ त्यांना खोल जाऊ देत नाही. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही या रानाची मुख्य त्रयी. त्यांतील अंजनीचे लाकूड लोखंडासारखे कठीण, वाढ अत्यंत सावकाश. मांडीएवढ्या जाडीचे झाड पाहून त्याला तरुण समजू नये. फाल्गुनाच्या सुमारास त्याच्या फांद्यांना लगटून निळीजांभळी फुले येतात. तोवर ते कोणाच्या लक्षात येत नाही. खाली कारवी दाटलेली असते, जी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. या डोंगरांतील देवरायांत गारंबीचा अजस्र वेलही आढळतो. त्याची शेंग हातभराहून लांब, आणि आतली तपकिरी बी मुलाच्या मुठीत मावेल एवढी.

जंगल जुने आहे हे उंचीवरून ओळखायचे नसते. पडलेले झाड जागच्या जागी कुजू दिले आहे का, हे पाहायचे. त्या कुजणाऱ्या ओंडक्यावर बुरशी येते, बुरशीवर कीटक जगतात, आणि काही वर्षांनी त्याच जागी नवे रोप उभे राहते. पावसाळ्याच्या आरंभी इथल्या काही कुजक्या लाकडांवरची बुरशी रात्री हिरवट उजळते. जिवंत आणि मृत यांची सरहद्द अशा रानात स्पष्ट नसते. जैन घरात वाढलेल्या मुलाला ‘वनस्पतिकाय’ हा शब्द पाठशाळेतून ठाऊक असतो. तो डोळ्यांनी वाचायला मिळतो तो इथे. (जुनेपण म्हणजे झाडेच असतात, असेही नाही. सोलापूरजवळच्या नान्नजची गवताळ माळराने अरण्याइतकीच पुरातन मानली जातात, पण तिथे झाडे नाहीत म्हणून त्यांना ‘पडीक’ म्हणण्याची सवय अजून सुटलेली नाही.)

हे रान टिकले कसे, या प्रश्नाचे उत्तर सरकारी आदेशापेक्षा जुने आहे. सह्याद्रीतील गावांनी रानाचे काही तुकडे देवाच्या नावाने राखले. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, काही ठिकाणी तर वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. भैरवनाथ, काळमजाई, वनदेव अशी त्या देवतांची नावे. मूर्ती बहुधा शेंदूर लावलेला दगड. पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील या देवरायांचा पायी फिरून अभ्यास केला. भोवतालचे डोंगर उघडे पडले असतानाही देवरायांत मूळ अरण्य शिल्लक असल्याचे त्यांनी दाखवून दिले. या कामाच्या ओघात त्यांना आढळले की श्रीवर्धनजवळच्या गाणी या खेड्यातील लोकांना आपली देवराई तोडली जाऊ नये असे मनापासून वाटत होते, आणि त्याचे कारण त्यांनी नेमके सांगितले: राई गेली तर ओढा आटेल. हीच शंका त्याच्या सव्वाशे वर्षे आधी एका इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याला आली होती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी जंगलतोडीनंतर कोकणातले ओहोळ कसे सुकत गेले, याकडे सरकारचे लक्ष वेधले होते. अधिकाऱ्याने लिहून ठेवले, गावकऱ्यांनी देव बसवला. टिकण्याच्या बाबतीत दुसरा उपाय अधिक प्रभावी ठरला, असे म्हणायला जागा आहे.

वाटेवर मध्येच वाटाड्या थांबतो आणि बोट वर करतो. शेकरू! तांबूस पाठ, पिवळसर पोट, आणि शेपटीसह जवळजवळ मीटरभर लांबीचे हे प्राणीरत्न महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ते जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर पंधरा-वीस फुटांची झेप घेत ते आपले सारे आयुष्य फांद्यांवर काढते आणि काटक्यापानांची गोल घरटी एकाहून अधिक झाडांवर बांधून ठेवते. म्हणून त्याला झाडे पुरेशी नसतात. झाडांच्या माथ्यांची सलग वीण लागते. वाट दहा-बारा फूट रुंद केली, तरी माणसाच्या दृष्टीने ती सोय असते आणि शेकराच्या दृष्टीने पूल नसलेली नदी. अरण्यातली पायवाट अरुंद का राहू द्यावी, हे त्या एका झेपेतून जेवढे पटते तेवढे फलकावर लिहून पटत नाही. शेकरू पाहून मुले ओरडतात, ओरडणारच. दुसऱ्यांदा दिसते तेव्हा मात्र तीच मुले मोठ्यांना गप्प करतात.

नदी या वेळपर्यंत ओढ्याएवढी झालेली असते. ज्या भीमेवर पंढरपुरात होड्या चालतात, तिच्यातून इथे दगडांवर पाय देत पाच-सहा पावलांत पलीकडे जाता येते. ‘गुप्त भीमा’ या जागी पाणी काळ्या कातळावरून लहानशा कुंडात पडते आणि पात्रातच एक शिवलिंग आहे. श्रद्धा अशी, की देवळापाशी उगम पावलेली नदी लगेच लुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकट होते. त्रिपुरासुराशी युद्ध करून थकलेल्या शंकराच्या घामातून ती निघाली, ही कथा वाटेत कोणीतरी सांगतेच. पौष महिन्यात इथली धार मनगटाएवढी असते. गटातले आजोबा ओंजळ भरून घेतात, पण गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. खांद्यावरच्या पिशवीत घरून आणलेले गाळलेले पाणी असते, ते पितात. ओंजळीतले परत ओढ्यात सोडतात.

इथे बसल्यावर कोणीतरी तो प्रश्न विचारतोच: ‘म्हणजे सोलापूरला येते ते हेच पाणी ना?’ खरे उत्तर थोडे निराश करणारे आहे. उजनीचे पाणलोट क्षेत्र सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटरांचे आहे. हे सारे अभयारण्य त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढेही नाही, आणि त्यातलाही बराच भाग कोकणाच्या बाजूला उतरतो. धरण भरते ते घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा अशा अनेक नद्यांच्या पुराने. वरची धरणे भरून वाहू लागली म्हणजे उजनीत पाणी येते. त्या पाण्याबरोबर वाटेतल्या शहरांचे सांडपाणीही येते, हे सोलापूरकराला निराळे सांगायला नको. तेव्हा गुप्त भीमेची धार वाढली म्हणून शहराचा नळ एक दिवस आधी येईल, असे काही नाही. मग हे रान राखण्याचा आग्रह कशासाठी? एक उत्तर ओढ्यातच आहे. पावसाळा सरून दोन-तीन महिने झाले, भोवतालच्या उघड्या डोंगरांवरचे ओहोळ कोरडे पडले, तरी झाडीतून येणारी ही धार चालू आहे. पानांचा थर आणि मुळांचे जाळे पाणी धरून ठेवते आणि थेंबाथेंबाने सोडते. खालच्या खोऱ्यात पंधरा हजार चौरस किलोमीटरांवर जे बिघडले, ते कसे होते याचा नमुना इथे शिल्लक आहे. नमुनाच हरवला तर दुरुस्ती कशावरून करायची?

गुप्त भीमेच्या पुढे चढ थोडा वाढतो. साक्षी विनायकाचे स्थान लागते, माणसांचे आवाज येऊ लागतात आणि झाडी संपता संपता प्लास्टिक दिसू लागते. देवळापाशी पोहोचेपर्यंत दुपारचे बारा वाजलेले असतात. नागर शैलीतील या मंदिराच्या शिखराचे काम नाना फडणवीसांनी करवले. ज्योतिर्लिंग म्हणून देशभरातून भाविक येतात आणि एवढी माणसे आली की दुकाने, वाहनतळ, कचरा हे ओघाने येतेच. ज्यांच्या पायांत बळ उरलेले असते ते पश्चिमेला नागफणीच्या कड्यापर्यंत जाऊन येतात. तिथून खाली कोकण दिसते. या धारेच्या अलीकडे पडलेला थेंब भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो. दोन हात पलीकडे पडलेला अरबी समुद्राला.

जेवण झाडाखाली होते. कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाचटणी, दही, खाकरे, शेंगापोळी. कडक भाकरी हा सोलापूरचा पदार्थ जणू अशा प्रवासांसाठीच निर्माण झाला असावा: न विटणारा, न सांडणारा, आणि वेष्टनावाचून नेता येणारा. पत्रावळी मोजून आणलेल्या असतात आणि मोजून पिशवीत परत जातात. माकडांना काही घालू नये, हे मुलांना समजावताना मोठ्यांची थोडी अडचण होते, कारण प्राण्याला खाऊ घालणे म्हणजे पुण्य असे त्यांनीच घरी शिकवलेले असते. पण माणसाच्या हातचे खायला शिकलेले माकड रानातले विसरते आणि मग पिशव्या हिसकावू लागते. रानातल्या जिवाला त्याच्या वाट्याचे रान सोडून देणे, हीसुद्धा दयाच. फक्त तिच्यात देणाऱ्याला समाधान कमी मिळते.

दरम्यान बस वळसा घालून वर आलेली असते. परतीचा रस्ता घोडेगाव-मंचरकडे उतरतो आणि डिंभे धरणाच्या पाण्यावरून नजर फिरते. याच भागात माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खचून गाव त्याखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे मृत्यू पावली. अतिवृष्टी, तीव्र उतार, जमिनीत झालेले बदल अशी अनेक कारणे अभ्यासकांनी मांडली. एकच एक बोट दाखवता येत नाही. बसमधले बोलणे मात्र या टप्प्यावर थोडा वेळ बंद होते. नंतर सूर्यास्ताआधी जेवून घ्यायचे असल्यामुळे घड्याळे पाहिली जातात आणि मंचरच्या आसपास एखाद्या मोकळ्या जागी उरलेल्या भाकऱ्या सोडल्या जातात.

रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास भीमानगरचा पूल पुन्हा येतो. मुले झोपलेली असतात. कोणाच्या तरी मांडीवर हिरड्याचे एक वाळके फळ असते, वाटाड्याने दिलेले. खिडकीशी बसलेल्या बाई काच सरकवून खाली पाहतात. धरणाखालच्या पात्रात डबक्यांसारखे थोडेसे पाणी चकाकते. पाळी सुटायला अजून अवकाश असतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, ‘उजनी आज किती आहे?’ पुढे बसलेल्या कोणाला तरी आकडा माहीत असतो.